शहराचे गणित आणि गणतीबाहेरच्या वस्त्या

मुंबईत अतिवृष्टी होते, लोकल बंद पडतात, काही माणसे वाहून जातात आणि दोन-तीन दिवसांनी ‘मुंबई पुन्हा धावू लागली’ असे मथळे येतात. पूर्वी याला ‘मुंबई स्पिरिट’ म्हणत. आता शासकीय अहवालांत आणि विद्यापीठांच्या प्रकल्पांत त्यासाठी ‘अर्बन रेझिलियन्स’ हा शब्द आला आहे. मराठीत त्याचे भाषांतर ‘शहरी लवचीकता’ असे केले जाते, पण मला ते पटत नाही. लवचीक असते ती वेताची छडी. ती वाकते आणि सोडली की होती तशी होते. माणसांचे तसे होत नाही. आपल्या बोलीत ‘सावरणे’ हे क्रियापद आहे. सावरायला वेळ लागतो, कुणाचा तरी हात लागतो आणि सावरल्यानंतरही गमावलेले सगळे परत मिळत नाही. म्हणून या लेखात मी ‘सावरण्याची क्षमता’ असेच म्हणणार आहे.

शहरे संकटातून कशी सावरतात याचा संगणकाच्या मदतीने अभ्यास करणारे गट आज जगभरातील विद्यापीठांत आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मायकेल बॅटी यांनी 1995 साली उभे केलेले केंद्र शहरांच्या संगणकीय अभ्यासासाठी नावाजलेले आहे. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत मुंबईच्या पुरावर अनेक वर्षे काम सुरू आहे. रॉकफेलर फाउंडेशनने 2013 साली सुरू केलेल्या ‘100 रेझिलियन्ट सिटीज’ या उपक्रमात सुरत, चेन्नई आणि जयपूर यांच्यासोबत आपल्या पुण्याचाही समावेश होता.

या गटांचे मुख्य साधन म्हणजे संगणकीय मॉडेल. ऐकायला हा शब्द अवघड वाटतो, पण कल्पना सोपी आहे. किराणा दुकानदार वहीत आवक-जावक मांडतो, तशी शहराची मांडणी करायची. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, नाल्यात किती गेला, भरतीमुळे किती अडला, हे सारे समीकरणांत लिहायचे आणि मग ‘असे झाले तर काय होईल’ हे संगणकाला विचारायचे. खऱ्या शहरावर असा प्रयोग करता येत नाही, म्हणून तो कागदावरच्या शहरावर केला जातो. साधन उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु प्रत्येक हिशेबवहीत काय लिहायचे आणि काय सोडायचे, हे वही लिहिणारा ठरवतो. शहरांच्या मॉडेलांचा पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास वाचताना मला वारंवार एकच प्रश्न पडत गेला : या हिशेबात कोण धरले गेले आणि कोण सुटले? कुर्ला, गोवंडी, मुंब्रा, भिवंडी किंवा मालेगावात राहणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. पाणी त्याच्या घरात शिरणार आहे.

बोस्टनचा माजी महापौर आणि संगणकाचा अभियंता

या इतिहासाची सुरुवात अमेरिकेत होते. 1967 साली नेवार्क आणि डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्त्या पेटल्या होत्या. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि पुन्हा अनेक शहरांत आगी लागल्या. अमेरिकन शहरे कोसळत आहेत, अशी चर्चा सर्वत्र होती. त्याच सुमारास बोस्टनचे महापौरपद सोडलेले जॉन कॉलिन्स हे एमआयटी या विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून आले. त्यांचे कार्यालय जे फॉरेस्टर यांच्या कार्यालयाजवळ होते.

फॉरेस्टर मूळचे विद्युत अभियंता. संगणकाच्या सुरुवातीच्या काळातील ‘व्हर्लविंड’ हे यंत्र त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले होते आणि संगणकाच्या चुंबकीय स्मृतीच्या शोधात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते व्यवस्थापनशास्त्राकडे वळले आणि कारखान्यांतील चढ-उतार समजून घेण्यासाठी त्यांनी ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ ही पद्धत विकसित केली. कॉलिन्स यांच्याशी गप्पा होऊ लागल्या तेव्हा त्यांना वाटले, कारखान्याला लागू होते ते शहरालाही लागू करून पाहावे. शहराचे व्यवहार जवळून पाहिलेल्या काही मंडळींना कॉलिन्स यांनी जमवले. त्यांच्या बैठका होत राहिल्या आणि त्यातून 1969 साली ‘अर्बन डायनॅमिक्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

या पुस्तकातले शहर रिकाम्या जमिनीवर सुरू होते आणि अडीचशे वर्षे चालते. त्यात तीन प्रकारचे उद्योग, तीन प्रकारची घरे आणि माणसांचे तीन वर्ग आहेत : व्यवस्थापक, कामगार आणि पुरेसा रोजगार नसलेले. संगणकाने जो निष्कर्ष दिला त्याने खळबळ उडाली. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधली तर शहराचे भले होण्याऐवजी नुकसान होते, कारण घरांच्या ओढीने आणखी गरीब येतात, उद्योगांची जागा घरांत जाते आणि बेरोजगारी वाढते. उपाय काय? झोपडपट्टीसारख्या जुन्या घरांचा काही भाग दरवर्षी पाडावा आणि त्या जागी उद्योग आणावेत.

फॉरेस्टर यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. एखादे धोरण चांगल्या हेतूने आखले तरी शहरातील गुंतागुंतीमुळे त्याचा उलट परिणाम होऊ शकतो, हा त्यांचा मुद्दा आजही महत्त्वाचा आहे. पण टीकाकारांनी मूळ मांडणीकडे बोट दाखवले. या कागदी शहराला उपनगरेच नव्हती. प्रत्यक्षात अमेरिकन शहरांचे दुखणे असे होते की, सुस्थितीतील गोरा मध्यमवर्ग उपनगरांत निघून गेला होता. त्याच्यासोबत कराचा पैसा गेला, बँकांची कर्जे गेली आणि कृष्णवर्णीयांना त्या उपनगरांत घर मिळत नव्हते. हे सारे मॉडेलच्या हद्दीबाहेर राहिले. हद्दीच्या आत उरला तो गरीब माणूस, आणि मग शहराच्या दुखण्याचे कारणही तोच ठरला. शिवाय हे शहर कोणत्याही एका खऱ्या शहराच्या आकडेवारीवर बेतलेले नव्हते. गरीब माणूस घर पाहून शहरात येतो की काम पाहून, या प्रश्नाचे उत्तर मांडणी करणाऱ्यांनी आधीच गृहीत धरले होते. संगणकाने ते गृहीतक अडीचशे वर्षे पुढे चालवून दाखवले, एवढेच.

विल राइट यांनी 1989 साली ‘सिमसिटी’ हा संगणकीय खेळ बाजारात आणला, तेव्हा त्यांनी फॉरेस्टर यांच्या याच कामाचा आधार घेतला होता. म्हणजे एका विद्यापीठातील बैठकीत जन्मलेले गृहीतक जगभरच्या मुलांच्या हातात खेळणे म्हणून पोहोचले.

न्यूयॉर्कची आग आणि मिनिटांचा हिशेब

बोस्टनचे शहर कागदावर राहिले. न्यूयॉर्कमध्ये मात्र मॉडेलचा आधार घेऊन खरे निर्णय झाले.

1960च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांनी रँड या संस्थेला शहराच्या कामासाठी बोलावले. लष्करी डावपेचांचे गणित मांडण्यासाठी ही संस्था प्रसिद्ध होती. 1969 साली ‘न्यूयॉर्क सिटी–रँड इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. तिचा सर्वात गाजलेला प्रकल्प अग्निशमन दलाचा होता. आगीच्या घटना वेगाने वाढत होत्या आणि पालिकेकडे पैसा कमी होता. त्यामुळे असलेले बंब कुठे ठेवावेत, हा प्रश्न गणिताने सोडवायचा होता.

रँडच्या अभ्यासकांनी एक सुटसुटीत सूत्र काढले. एखाद्या भागात उपलब्ध बंब किती आणि क्षेत्रफळ किती, यावरून आगीच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी सरासरी किती अंतर कापावे लागेल, हे त्यातून सांगता येत होते. शास्त्र म्हणून हे काम उत्तम मानले गेले. बंबांच्या फेरमांडणीवरील त्यांच्या संशोधनाला त्या क्षेत्रातील प्रतिष्ठेचे लँचेस्टर पारितोषिकही मिळाले.

अडचण निर्माण झाली ती मोजमापाच्या निवडीतून. चांगली सेवा कशाला म्हणायचे? अभ्यासकांनी उत्तर दिले : बंब किती वेळात पोहोचतो त्याला. हा आकडा मोजायला सोपा होता. आग किती लागते, किती पसरते, किती कुटुंबे बेघर होतात हे मोजणे अवघड होते. आता कल्पना करा की, दाट वस्तीतल्या एका केंद्रात दोन पथके आहेत. दुसरे पथक काढून टाकले तरी त्या केंद्रापासून आगीपर्यंतचा वेळ कागदावर तेवढाच राहतो. हिशेबात दुसरे पथक जादा दिसते. प्रत्यक्षात तिथे दुसरे पथक दिलेले असते, कारण एका रात्रीत तिथे अनेक आगी लागतात आणि पहिले पथक बहुतेक वेळा बाहेर असते. ज्या वस्तीला सर्वात जास्त गरज, तिथलीच पथके ‘जादा’ ठरण्याचा धोका असा तयार झाला.

1972 पासून पथके बंद होऊ लागली. 1975च्या आर्थिक संकटात आणखी कपात झाली. साउथ ब्रॉन्क्ससारख्या कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन गरिबांच्या भागांना त्याचा मोठा फटका बसला. सुस्थितीतील भागांत पथक बंद करायचे म्हटले की तिथले वजनदार लोक विरोध करत, आणि तो विरोध मॉडेलमध्ये नसला तरी निर्णयात धरला जाई. डेबोरा आणि रॉड्रिक वॉलेस या दाम्पत्याने या मॉडेलांची चिकित्सा करण्यात पुढची अनेक वर्षे घालवली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ प्लेग ऑन युअर हाउसेस’ या पुस्तकात त्यांनी दाखवले की, आगींमुळे विस्थापित झालेली कुटुंबे शेजारच्या भागांत दाटीवाटीने राहू लागली, तिथली घरेही खचली आणि पाठोपाठ रोगराई वाढली.

आगींचे सारे पाप मॉडेलच्या माथी मारणे योग्य होणार नाही. घरमालकांनी विम्यासाठी लावलेल्या आगी होत्या, बँकांनी त्या भागांना कर्ज देणे थांबवले होते, रोजगार निघून गेला होता. परंतु घर पेटल्यावर ते विझवणारे पथक जवळ असणे ही किमान गोष्ट होती. 1970 साली ब्रॉन्क्सची लोकसंख्या 14 लाख 71 हजार होती. 1980च्या जनगणनेत ती 11 लाख 69 हजारांवर आली. दहा वर्षांत तीन लाख माणसे कमी झाली. या काळात मॉडेलमधला सरासरी वेळ मात्र फारसा बिघडलेला दिसत नव्हता.

1973 साल

योगायोग असा की, 1973 साली दोन महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध झाले. पहिला डग्लस ली यांचा. त्यांनी शहरांच्या अवाढव्य मॉडेलांसाठी जणू मर्सियाच लिहिला आणि त्यांच्या सात दोषांची यादी दिली. ही मॉडेले एकाच वेळी सगळे सांगू पाहतात, त्यांची आकडेवारीची भूक भागत नाही, ती महाग आहेत आणि इतकी गुंतागुंतीची आहेत की आतले चुकलेले कळतही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर बराच काळ विद्यापीठांतला मॉडेलांचा उत्साह ओसरला.

दुसरा निबंध कॅनडाचे पर्यावरणशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांचा. त्यात ‘रेझिलियन्स’ या संकल्पनेला आजचा अर्थ मिळाला. हॉलिंग जंगलांचा आणि किडींचा अभ्यास करत होते. त्यांनी दोन गोष्टींत फरक केला. धक्का बसल्यावर पूर्वीच्या जागी झटपट परत येणे ही एक गोष्ट. स्वतःत बदल करत, पण आपली मूळ नाती टिकवून तगून राहणे ही दुसरी. वरून शांत आणि स्थिर दिसणारे जंगल एका धक्क्यात कोलमडू शकते, तर सतत चढ-उतार सोसणारे जंगल टिकू शकते. ही कल्पना पुढे जंगलातून शहरात आली. येताना मात्र हॉलिंग यांचा फरक वाटेत कुठेतरी हरवला. शहराच्या बाबतीत आपण आजही पहिलाच अर्थ घेतो : लोकल सुरू झाली, शेअर बाजार उघडला, म्हणजे शहर सावरले. मिठी नदीकाठच्या खोलीतला संसार सावरला की नाही, हे पाहायला कुणी थांबत नाही.

26 जुलैचे दोन पर्जन्यमापक

मुंबईकडे येऊ. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याच्या वेधशाळेत केवळ 70-75 मिलिमीटर पाऊस होता. एकाच शहरात, पंचवीसेक किलोमीटरच्या अंतरात, एवढा फरक. दक्षिण मुंबईत मंत्रालयात बसलेल्याला खिडकीबाहेर नेहमीचा पाऊस दिसत होता, तेव्हा कुर्ला, कलिना, साकीनाका येथे माणसे बुडत होती. या दोन आकड्यांची सरासरी काढली तर जो पाऊस हाती येतो, तो मुंबईत कुठेच पडला नव्हता.

शहरातील पर्जन्यजलवाहिन्या ज्या हिशेबाने बांधल्या होत्या, तेही एक जुने मॉडेलच होते. ताशी 25 मिलिमीटर पाऊस धरायचा आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे मानायचे. हा हिशेब झाला तेव्हा शहरात मोकळी जमीन होती. पुढे ती काँक्रीटखाली गेली तरी गृहीतक तसेच राहिले. हा हिशेब अपुरा आहे हे 1993च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने सांगितले होते आणि ताशी 50 मिलिमीटरची क्षमता, तसेच पाणी समुद्रात फेकणारी पंपिंग स्टेशने सुचवली होती. अहवाल बारा वर्षे जवळपास तसाच पडून राहिला. 26 जुलैला दुपारी सांताक्रूझमध्ये एका तासात सुमारे 190 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यात समुद्राला भरती होती.

मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते. साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असा सुमारे 18 किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीला मिळते, त्याच माहीममध्ये जिथे पंधराव्या शतकातले मोठे मुफस्सिर मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. या वाटेत विमानतळाच्या धावपट्टीने नदीला काटकोनात वळवले आहे आणि वांद्रे-कुर्ला संकुलाने तिच्या मुखाजवळची खाजण जमीन भरून घेतली आहे. पुरानंतर मात्र चर्चा झाली ती मुख्यतः काठावरच्या झोपड्यांची. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने 2006 साली दिलेल्या अहवालात नाल्यांची क्षमता, नदीचे आक्रसलेले पात्र आणि भरावांपासून सूचनायंत्रणेपर्यंत अनेक बाबींचा ऊहापोह केला. प्रत्यक्षात नदी रुंद करताना झोपड्या हटवणे सोपे ठरले. धावपट्टी आणि काचेच्या इमारती जागच्या जागी राहिल्या.

एक गोष्ट मात्र नक्कीच सुधारली. आयआयटी मुंबईचे प्रा. कपिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून शहराला दोन पर्जन्यमापक पुरत नाहीत, हे ठळक झाले. 2006 पासून महापालिकेने स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले. दर पंधरा मिनिटांनी नोंद देणारी ही यंत्रे बहुतांशी अग्निशमन केंद्रांच्या छतांवर बसवली गेली. न्यूयॉर्कची गोष्ट वाचलेल्याला हा तपशील सुखावतो. 2020 साली केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांची ‘आय-फ्लोज मुंबई’ ही पूरसूचना प्रणाली सुरू झाली. अलीकडे प्रा. सुबिमल घोष यांच्या आयआयटीतील गटाने मुंबईच्या पुरासाठी एक प्रायोगिक व्यवस्था सुरू केली. तिच्यात छोट्या-छोट्या भागांच्या पावसाचा अंदाज मिळतो आणि कुठे किती पाणी साचले हे नागरिक स्वतःही कळवू शकतात. फॉरेस्टर यांच्या बैठकीपासून इथवरचा हा मोठा पल्ला आहे. शहर चालवणाऱ्यांच्या सोबतीला शहरात भिजणाऱ्यांचीही माहिती घ्यावी, हे आता संशोधकांनीच मान्य केले आहे.

रुपयांत न मावणारे नुकसान

तरीही एक पेच उरतो. पाणी किती साचेल, हे मॉडेलने अचूक सांगितले तरी नुकसान कशात मोजायचे? सहसा ते रुपयांत मोजले जाते. निकोला रेंजर, स्टेफान हालेगात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पुराचे एक मॉडेल 2010 साली मांडले. 2005 सारख्या पुराची शक्यता 2080च्या दशकापर्यंत दुपटीहून अधिक होऊ शकते, असा त्यांचा अंदाज होता. जलनिस्सारण सुधारले तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे नुकसान 70 टक्क्यांपर्यंत कमी करता येईल, हेही त्यांनी दाखवले. हा अभ्यास मोलाचा आहे. पण रुपयांच्या हिशेबाला स्वतःची एक मर्यादा असते. वांद्र्यातल्या तळघरात बुडालेली एक मोटार आणि गोवंडीतल्या जरीकाम करणाऱ्या शंभर कारागिरांचे बुडालेले सामान, या हिशेबात कदाचित सारखेच भरतील. मोटारीचा विमा असतो. कारागिराचे सामान बुडाले की त्याची रोजी बुडते, सावकाराचे कर्ज येते आणि पुढच्या जूनमध्ये मुलीची शाळा सुटते.

याच हालेगात यांनी पुढे जागतिक बँकेसाठी 2016 साली ‘अनब्रेकेबल’ हा अहवाल लिहिला. गरिबाचे शंभर रुपये आणि श्रीमंताचे शंभर रुपये यांना सारखे मोजणे थांबवा, असे त्याचे सार आहे. नैसर्गिक आपत्तींमुळे दरवर्षी जगात सुमारे 2 कोटी 60 लाख लोक दारिद्र्यात ढकलले जातात, असा अंदाज त्यांनी दिला. अभ्यासक आनंद पटवर्धन आणि अर्चना पाटणकर यांनी मुंबईतील घरे आणि छोट्या दुकानांच्या विमा नसलेल्या नुकसानीचा अभ्यास केला, तोही याच वाटेवरचा. शासकीय आकड्यांत हे नुकसान जवळपास येतच नाही, कारण त्याची पावती कुणाकडे नसते.

यात आणखी एक अडचण आहे ती सरासरीची. मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर विभागात शिवाजी पार्कही येते आणि धारावीही. विभागनिहाय सरासरी काढली तर दोन्ही ठिकाणची खरी परिस्थिती झाकली जाते. लोकसंख्येचे आकडेही जुने आहेत. शेवटची जनगणना 2011 सालची, 2021ची वेळेवर झालीच नाही. दरम्यानच्या काळात मुंब्र्यात किती इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत किती माणसे राहायला आली, हे तिथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. जुन्या आकड्यांवर चालणाऱ्या संगणकाला नाही.

गणतीची भीती आणि गणतीचा हक्क

इथे आपल्या वस्त्यांविषयी बोलणे मला भाग आहे. मोहल्ल्यात कुणी वही घेऊन आले की दारे बंद होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यामागे अनुभव आहे. सर्वेक्षणानंतर नोटीस येते आणि नोटिशीनंतर बुलडोझर येतो, असे लोकांनी भोगले आहे. नागरिकत्वाच्या कागदपत्रांवरून गेल्या काही वर्षांत जी धास्ती पसरली, तिने ही भीती आणखी वाढवली. म्हणून ‘माहिती द्या, तुमचे भले होईल’ असा साळसूद उपदेश मी करणार नाही.

पण सच्चर समितीचा अनुभवही विसरता येत नाही. मार्च 2005 मध्ये, म्हणजे मुंबई बुडाली त्याच वर्षी, न्या. राजिंदर सच्चर यांची समिती नेमली गेली आणि नोव्हेंबर 2006 मध्ये तिचा अहवाल आला. त्याआधी मुस्लिमांच्या मागासलेपणाविषयी बोलले की लांगूलचालनाचा आरोप ठेवून विषय बंद केला जाई. अहवालाने शिक्षण, नोकऱ्या, बँक कर्जे यांचे आकडे समोर ठेवले आणि वाद घालणाऱ्यांनाही त्या आकड्यांशी वाद घालावा लागला. शिफारशी किती अमलात आल्या हा वेगळा विषय. समितीने राष्ट्रीय माहिती-कोषाची शिफारस केली होती, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही, हे तिला कळले होते.

संगणकाच्या कार्यपद्धतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात आणि तो शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. त्यांच्या बीजगणिताच्या ग्रंथातला मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीविषयी आहे, हे मात्र क्वचित सांगितले जाते. मृताच्या मिळकतीतून बायकोचा वाटा किती, मुलीचा किती, आईचा किती, हे काढण्यासाठी ते गणित वापरले गेले. एखादा हकदार मोजायचा राहिला तर पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही वाटणी चुकीची ठरते. शहराच्या मॉडेलांनाही ही कसोटी लावायला हरकत नाही.

कुर्ल्यात माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने दुकानाच्या आतल्या भिंतीवर तीन रेघा ओढून ठेवल्या आहेत. सर्वात वरची 2005ची, तिच्याखाली 2017च्या ऑगस्टची आणि 2019च्या जुलैची. प्रत्येक रेघेशी पाणी किती वाजता शिरले आणि किती तासांनी ओसरले, हेही त्यांनी लिहिले आहे. ‘‘लिहिलंय कशासाठी, चाचा?’’ असे मी विचारले, तर म्हणाले, ‘‘माल किती उंचावर ठेवायचा ते कळायला नको का?’’ मॉडेल तयार करणाऱ्या कोणत्याही गटाला अशी नोंद सोन्यासारखी असते, कारण संगणकाने सांगितलेली पाण्याची उंची खरी की खोटी, हे तपासायला प्रत्यक्ष नोंदच लागते. आणि या नोंदीत कुणाचे नाव नाही, कुणाचा कागद नाही, कुणाच्या घराचा मालकीहक्क नाही. तिच्या आधारे कुणाला नोटीस पाठवता येत नाही.

आपल्या मशिदींच्या, मदरशांच्या, शाळांच्या भिंतींवर अशा रेघा सहज मारता येतील. 26 जुलैच्या रात्री अशाच कितीतरी मशिदींचे दरवाजे अडकलेल्या प्रवाशांसाठी उघडले गेले होते. त्यांतल्या कुठल्या इमारतीचा पहिला मजला कोरडा राहतो, तिथे किती माणसे मावतात, पिण्याच्या पाण्याची टाकी कुठे आहे, हे मोहल्ल्यातल्या जाणत्यांना पाठ असते. मोहल्ल्याच्या कमिटीने, महिला मंडळाने आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींनी हे लिहून काढले, तर पाऊण दिवसाचे काम आहे. ते विद्यापीठांच्या गटांपर्यंत पोहोचवता येईल आणि सोबत प्रश्नही विचारता येतील : तुमच्या नकाशात आमची गल्ली आहे का? पूर येणार हे तुम्हाला कळल्यानंतर आम्हाला किती वेळात, कोणत्या भाषेत कळेल? तुमच्या आकड्यांवरून उद्या आमच्या घरांविषयी निर्णय होणार असेल, तर त्या बैठकीत आमच्यापैकी कोण असेल?

ब्रॉन्क्सच्या लोकांना हे प्रश्न विचारण्याची संधी मिळाली नाही. त्यांचे पथक का बंद झाले, हे त्यांना घर जळाल्यावर कळले. मुंबईत काम करणाऱ्या संशोधकांनी निदान दार उघडे ठेवले आहे. पुढचा पावसाळा यायच्या आत आपण आत जाऊन बसायला हवे.